गाडी उचलली, गोळा तिथेच

सोयाबीनची सवंगणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ वर्धा जिल्ह्यात जवळजवळ दरवर्षी पडते. सुडी वावरात, थ्रेशर वावरात आणि माल न्यायला आलेली पिकअप पांदणीत फसलेली. ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या फूटभर खोल गेलेल्या असतात, मधला उंचवटा मात्र जसाच्या तसा. पिकअपची मागची चाके चाकोरीत उतरली की पोटाखाली काहीतरी घासते, गाडी दोन हात पुढे जाते आणि बसते. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन, साखळी, आणि हंगाम आटोपल्यावर गॅरेज. तिथले मागणे ठरलेले असते: "मिस्त्री, मागून चार इंच उचलून द्या." मिस्त्रीचा प्रश्नही ठरलेला: "पाटे वाढवू भाऊ, की ठोकळा टाकू?"

अर्ध्या दिवसाचे काम. गाडी मागून रुबाबदार दिसू लागते. पुढच्या ऑक्टोबरात ती त्याच पांदणीत, त्याच जागी पुन्हा टेकते.

टेकतो तो भाग कोणता, हे आधी पाहायला हवे. पिकअप असो, टाटा ४०७ असो की रेतीचा टिप्पर, मागे एकसंध ॲक्सल असतो. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत पोलादी नळी, आणि तिच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगलेला गोळा. इंजिनाकडून आलेली ताकद दोन्ही चाकांत वाटून देणारे गिअर या गोळ्यात बसलेले असतात. हा ॲक्सल चाकांवर उभा असतो, त्याच्यावर पाटे बसतात आणि पाट्यांवर चासी. म्हणजे पाट्यांमध्ये काहीही केले तरी बदल पाट्यांच्या वरच्या बाजूला होतो. चासी उंच होते, ट्रॉली उंच होते, डिझेलची टाकी उंच होते. गोळा आणि जमीन यांच्यामध्ये फक्त चाक आहे, आणि चाकाला कोणी हात लावलेला नाही.

विश्वास बसत नसेल तर मोजपट्टी घ्यावी. रिकाम्या गाडीच्या गोळ्याच्या तळापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे, आणि मग ट्रॉली गोण्यांनी भरून पुन्हा मोजावे. चासी तीन-चार इंच खाली आलेली दिसेल. गोळ्याचे माप टायर जेवढा दबला तेवढेच, अर्ध्या-एक सेंटिमीटरने, कमी झालेले असेल. ओझ्याने जी उंची कमी होत नाही, ती पाटे वाढवून वाढणार तरी कशी?

मग मागून गाडी उचलणे निव्वळ हौस आहे का? तसे नाही. पांदणीत गोळा अडतो. पण नाल्याच्या काठावर, कालव्याच्या पाळीवर किंवा उंच धुऱ्यावरून उतरताना दुसरेच भाग अडतात. पुढची चाके धुऱ्यापलीकडे गेली आणि मागची अलीकडे आहेत, अशा वेळी गाडीचे पोट धुऱ्यावर टेकते. दोन चाकांमधले अंतर ३.२ मीटर आणि पोटाची उंची २० सेंटिमीटर असेल, तर गाडी साधारण १४ अंशांचा उंचवटा ओलांडते. पोट दहा सेंटिमीटरने वर गेले तर हाच आकडा २१ अंशांवर जातो. हा फायदा खरा आहे, पण पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू उचलल्या तरच पूर्ण मिळतो. नुसती मागची उचलली तर निम्मा. मागच्या बंपरचेही तसेच. नाल्यातून चढताना मागे घासणारी गाडी उचलल्यावर घासत नाही. आणि चासी उंच झाल्यामुळे मडगार्डात मोठ्या टायरला जागा होते. माझ्या मते उचलण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. उंची वाढवतात आणि टायर जुनेच ठेवतात.

आता पाट्यांकडे वळू. गॅरेजातली ही सगळ्यात साधी दिसणारी आणि सगळ्यात कमी समजलेली वस्तू. वर मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, त्यात बुश. खाली उतरत्या लांबीचे पाटे. सगळ्यांच्या मधून सेंटर बोल्ट आणि दोन यू-बोल्टांनी आवळलेला ॲक्सल. एक टोक चासीला पक्के, दुसरे शॅकलवर झुलणारे, कारण ओझे आले की कमान सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा लागते.

पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढवली तर पाटा ३३ टक्क्यांनी कडक होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. लांबीचे गणित याच्या उलट: पाटा दहा टक्के लांब केला तर कडकपणा पाऊण होतो. पाच सारख्या पाट्यांच्या संचात तसाच सहावा घातला तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. म्हणून "एक जाड पाटा टाकला" आणि "एक पाटा टाकला" ही दोन वेगळी कामे आहेत. भंगारातून आणलेला मोठ्या ट्रकचा पाटा पिकअपला लावण्याची पद्धत सर्रास आहे. तो पाटा एकटाच सगळे ओझे अंगावर घेतो, खालचे पाटे बघत बसतात, आणि एके दिवशी तोच सेंटर बोल्टच्या भोकाशी मोडतो. भोकाशीच का? कारण तिथे पोलाद कमी आणि ताण सर्वाधिक.

कडक पाट्याचा दुसरा तोटा पांदणीतच कळतो. उंचसखल जागेत एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असते, तेव्हा खड्ड्यातल्या चाकाने खाली उतरून जमीन धरायला हवी. मऊ आणि लांब पाटा त्याला उतरू देतो. कडक पाटा उतरू देत नाही. चाक अधांतरी किंवा जेमतेम टेकलेले राहते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी त्याच्याकडे फिरणे जाते, आणि दुसऱ्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. अधांतरी चाक गरागरा फिरते, पकड असलेले चाक स्वस्थ उभे. उंचीसाठी पाटे कडक केले आणि त्याच कडकपणामुळे गाडी अडकली, असा हा उफराटा हिशेब आहे. मोकळ्या गाडीत तो अधिक जाणवतो, कारण मालाच्या वजनाने पाटे निदान थोडे तरी वाकतात.

यावर उपाय म्हणून पाटे न वाढवता असलेल्याच पाट्यांना अधिक बाक देता येतो. बसलेले पाटे पुन्हा कमानदार करणे हे जुने आणि चांगले काम आहे, पण कसे केले याला फार महत्त्व. पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे किंवा क्रोम-व्हॅनेडियमचे असते. कारखान्यात ते साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सियसला तापवून तेलात विझवतात आणि मग पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवून त्याला पाणी देतात. त्या दुसऱ्या तापण्यातून त्याला वाकून परत येण्याचा गुण मिळतो. थंड पाटा प्रेसखाली किंवा हातोड्याने, थोडा थोडा पुढे सरकवत वाकवला तर हा गुण बराचसा टिकतो. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी लाल करून वाकवला तर त्या जागी पोलाद मऊ तरी पडते किंवा ठिसूळ तरी. मऊ पडले तर पाटा दोन महिन्यांत पुन्हा बसतो. ठिसूळ झाले तर काच तुटावी तसा तुटतो. पाट्याला वेल्डिंगचा डाग तर अजिबात देऊ नये. त्याबाबतीत मिस्त्रीचा कितीही लौकिक असला तरी ऐकू नये.

शॅकल लांब करणे हा आणखी एक मार्ग. शॅकल दोन इंचांनी लांब केला तर गाडी सुमारे एक इंच उचलली जाते, कारण पाट्याचे एकच टोक खाली आले. ॲक्सल मध्ये आहे, त्याला निम्मे मिळते. स्वस्त आहे, पण लांब शॅकल आडवा डुलतो. वळणावर गाडीचे मागचे अंग हलल्यासारखे वाटते ते यामुळे.

राहिला ठोकळा. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टांनी आवळायचे. पाट्याचा कडकपणा बदलत नाही, म्हणून गाडीची चाल तीच राहते, आणि सगळ्यांना ठोकळा आवडतो तो म्हणून. पण चाक पुढे ढकलताना ॲक्सल स्वतः उलटा फिरू पाहतो. त्याला धरून ठेवणारे फक्त पाटेच असतात. ठोकळ्यामुळे ॲक्सल आणि पाटा यांच्यातले अंतर वाढते, म्हणजे पिळायला तरफ लांब मिळते. चिखलात अडकलेल्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की पाट्यांचा इंग्रजी एस अक्षरासारखा आकार होतो, मग ते सुटून परत येतात, आणि गाडी थडथडते. ही थडथड ऐकू आली की एक्सलेटरवरचा पाय काढावा. दोन ठोकळे एकावर एक रचण्याचा प्रकारही दिसतो. यू-बोल्ट जरा सैल झाला की वरचा खालच्यावरून घसरतो आणि ॲक्सल तिरका होतो. पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा कधीच नको.

जुन्या विलीज धाटणीच्या जीपना एक सोय होती. त्यांचे पाटे ॲक्सलच्या खालून गेलेले असत. ते काढून ॲक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम पाच-सहा इंच उचलली जाई, आणि खाली लोंबणारे पाटे व यू-बोल्टही वर जात. जीपवाल्यांच्या या कथा ऐकून पिकअपवाले तीच मागणी करतात. पण मालगाड्यांचे मागचे पाटे बहुतेक आधीच ॲक्सलच्या वर असतात. तिथे उलटायला काही उरलेले नसते.

गाडी उचलल्याचा परिणाम पाट्यांपाशी थांबत नाही. गिअरबॉक्सपासून गोळ्यापर्यंत जाणारा जॉइंट शाफ्ट आता अधिक उतरता होतो. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरला की बाहेर येणारा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक दीड टक्क्याचा, वीस अंशांत सहा टक्क्यांचा. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाची चूक दुसरा खोडून काढतो. ठोकळा टाकताना ॲक्सलचे तोंड जरा फिरले तर ही बरोबरी मोडते आणि पन्नास-साठच्या वेगाला गाडीखालून गुरगुर सुरू होते. लोक क्रॉस बदलतात, महिन्याने पुन्हा बदलतात. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी तिरपी पट्टी घालून कोन जुळवायचा, हा त्याचा खरा इलाज.

सगळ्यात धोक्याचा परिणाम मात्र आवाज करत नाही. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा दांडा दिसतो. त्याचे एक टोक ॲक्सलला, दुसरे चासीवरच्या एका झडपेला. रिकाम्या गाडीत मागची चाके हलकी असतात आणि जोरात ब्रेक मारला की लगेच घसरतात. म्हणून ही झडप मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवते. गाडी भरली, चासी खाली आली, की दांडा वळतो आणि झडप दाब वाढवते. गाडीत माल आहे की नाही, हे ती फक्त चासी आणि ॲक्सल यांच्यातल्या अंतरावरून ओळखते. आता चार इंचांचा ठोकळा घाला. गाडी कितीही भरली तरी झडपेला ती रिकामीच वाटते. दीड टन तूर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि चालकाला वाटते की ब्रेक ऑइल बदलायला झाले. उचललेल्या गाडीत या दांड्याची जुळणी नव्याने करावी लागते. ब्रेकची रबरी नळीही ताणून बघायला हवी: चाक पूर्ण खाली लोंबू दिले तरी तिच्यात ढील उरली पाहिजे.

नुसते मागून उचलल्याने गाडीचे नाक खाली जाते. ३.२ मीटर लांबीवर दहा सेंटिमीटर म्हणजे जवळपास दोन अंश. दिव्यांचा झोत पंधरा-वीस मीटरवरच जमिनीला लागतो, आणि पुढच्या चाकांचा सरळ राहण्याचा कल कमी होऊन स्टिअरिंग हलके, अस्थिर वाटू लागते. माल भरला की दोन्ही गोष्टी पूर्वपदावर येतात. म्हणून जाताना त्रास नाही आणि हिंगणघाटला माल टाकून रात्री रिकामे परतताना त्रास, असा अनुभव येतो.

हिंगणघाट म्हटले की कापूस आला. कापसाची गाडी वजनाने फारशी जड नसते, पण उंच असते. मागच्या दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर आणि सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य १.३ मीटर उंचीवर धरला, तर कागदावर गाडी २८ अंश कलेपर्यंत उलटत नाही. दहा सेंटिमीटर उचलली तर साडेसव्वीस अंश. फरक थोडा वाटतो. पण एक चाक फूटभर खोल चाकोरीत गेले की त्यातले बारा अंश तिथेच संपतात, खालच्या बाजूचे पाटे दबून आणखी काही जातात, आणि वरचा कापूस कलला की उरलेले. मोकळ्या, सैल बांधलेल्या कापसाच्या गाडीला उंचीचे एकेक बोट महाग पडते.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. झिजलेला पाटा बदलून मूळ मापाचा घालणे ही दुरुस्ती झाली. ठोकळे घालणे म्हणजे फेरफार. एमएच-३२ ची गाडी फिटनेसला नेण्यापूर्वी ठोकळे काढायचे आणि नंतर पुन्हा घालायचे, ही हुशारी अपघातानंतर विम्याच्या दाव्यात उघडी पडते. आणखी एक: पाटे वाढवले म्हणून नोंदणीपत्रावरचे एकूण वजन वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक जुन्याच वजनाचे असतात.

गोळा खरोखर वर न्यायचा असेल तर चाक मोठे हवे. टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्म्याने गोळा वर जातो. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा ७३४. तीस मिलिमीटर फरक, म्हणजे गोळा पंधरा मिलिमीटर वर. एवढ्याशा फायद्यासाठी गिअरचा जोर चार टक्क्यांनी कमी होतो आणि स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्ट-त्रेसष्टने धावते. तरीही हा दीड सेंटिमीटर ठोकळ्याच्या चार इंचांपेक्षा पांदणीत जास्त कामाचा, कारण तो गोळ्याला मिळतो. टायर बदलताना त्याची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि उत्पादकाने त्या गाडीला मान्य केलेल्या मापांतूनच निवडावा.

पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे लष्करी ट्रक या जिल्ह्याला नवे नाहीत. ते उंच दिसतात ते मोठ्या व्यासाच्या चाकांमुळे, आणि मागेही जोडचाकांऐवजी एकेरी चाक असते, म्हणजे मागचे चाक पुढच्याने दाबलेल्या वाटेवरूनच जाते. आपल्या बंडीचे तत्त्वही हेच होते. चार-पाच फूट व्यासाचे चाक, म्हणजे आस दोन-अडीच फुटांवर, आणि आसाखाली लोंबणारा गोळाच नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली पांदणीत पिकअपपेक्षा सहज जाते त्याचे एक कारण हेच: तिच्या आसात डिफरन्शियल नसते. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीसाठी म्हणून तयार झालेल्या युनिमॉग गाडीत वेगळी युक्ती केली. ॲक्सल चाकाच्या मध्याच्या वर ठेवला आणि चाकापाशी गिअरची जोडी बसवून ताकद खाली उतरवली. गोळा तेवढा वर गेला. तिच्या चाकांमधले १.२७ मीटर अंतरही बटाट्याच्या दोन सऱ्या मोजून ठरवलेले होते. आपल्या पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचे अंतर एक आणि पिकअपच्या चाकांचे दुसरे, म्हणून पिकअपचे एक चाक नेहमी तिरके, कडेवर चढलेले असते.

आणि इतके करूनही प्रश्न चिखलाचा असतो. वर्ध्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि काळ्या मातीतली माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते. रस्ते बांधणारे मातीची ताकद सीबीआर नावाच्या आकड्याने मोजतात. पाण्यात मुरलेल्या काळ्या मातीचा हा आकडा दोन ते चार, तर चांगल्या मुरमाचा दहाच्या वर. अशा मातीत चाक किती खोल जाईल हे बरेचसे टायरमधल्या हवेवर ठरते, कारण टायर जमिनीवर साधारण आपल्या हवेएवढाच दाब देतो. रिकाम्या गाडीत हवा कमी केली की टायर पसरतो आणि कमी रुततो. भरलेल्या गाडीत हे करू नये; टायरची भिंत फाटते. डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, म्हणजे पंप सोबत हवा. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ज्या पांदणीवर मुरूम, खडी आणि कडेला नाली झाली, तिथे चार इंच उचलण्याची चर्चा आपोआप मिटते. नाली नसेल तर दोन पावसाळ्यांत मुरूम काळ्या मातीत गडप होतो.

एवढे सगळे ऐकूनही गाडी उचलायचीच असेल, तर आधी आरटीओत विचारावे आणि दोन इंचांच्या पुढे जाऊ नये. ठोकळ्याऐवजी नवा, जास्त बाकाचा, मूळ कडकपणाचाच पूर्ण संच बसवावा. पुढची बाजूही त्याच प्रमाणात उचलावी, शॉकॲब्सॉर्बर लांब घ्यावेत, ब्रेकच्या झडपेचा दांडा आणि शाफ्टचा कोन जुळवून घ्यावा. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो, आणि जुना पुन्हा वापरणे ही सर्वांत वाईट बचत. नवे पाटेही पहिल्या काही दिवसांत एकमेकांवर बसतात, म्हणून माल भरून दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्टांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावे लागतात, तेही गाडी जॅकवर नाही, चाकांवर उभी असताना.